पिवळी नळी

सर स्कूटरवरून कुणाला सोडायला निघाले, की आधी आपल्या डोक्यावरचं हेल्मेट काढून त्याच्या डोक्यावर ठेवायचे. आतून घामानं ओलं झालेलं, खोबरेल तेलाच्या वासाचं. मग डिकीतून दुसरं, कोरडं आणि स्वच्छ हेल्मेट काढून ते स्वतः घालायचे. मागे बसणारा माणूस आतल्या आत चरफडायचा. मीही चरफडले होते, आणि मला गप्प बसता येत नाही, म्हणून तोंडावर विचारलंही होतं, की चांगलं हेल्मेट जवळ असताना दुसऱ्याला घामट द्यायचं ही कुठली रीत. सर म्हणाले, "हे मी घालून आलोय, मॅडम. ह्याचा पट्टा सुटत न्हाय हे मला म्हाईत हाय. डिकीतल्याचं काय म्हाईत?"

पेनाचंही तेच. बँकेत कुणी पेन मागितलं, की हातातलं लिहितं पेन त्याला देऊन टाकायचे आणि खिशातलं दुसरं काढून आपली उरलेली अर्धी सही वेगळ्या शाईत पुरी करायचे. छत्री द्यायची वेळ आली तर उघडलेली द्यायचे. शिवाय ठेवणीतल्या वस्तू नुसत्या ठेवायच्या नाहीत, असाही दंडक होता. आठवड्यातून एक दिवस ते जुना जादा चष्मा घालून हिंडत. त्याचा नंबर केव्हाच बदललेला होता, त्यामुळे त्या दिवशी सर ओळखीच्यांना ओळख न देता आणि अनोळखी लोकांना नमस्कार करत फिरायचे. त्याच दिवशी घरात गॅस बंद आणि सगळा स्वयंपाक स्टोव्हवर. काकू स्टोव्हला पंप मारता मारता त्यांचा उद्धार करायच्या. सरांचं उत्तर ठरलेलं असे, की वस्तू नुसती लटकून राहिली तर ती वस्तू नाही, शोभा आहे. काकू त्यावर तेलुगूत 'पोनी' म्हणायच्या. म्हणजे जाऊ दे. त्यांच्या संसारातलं निम्मं बोलणं त्या एका शब्दात आटपत असे.

मी इथल्या एका स्विमिंग टँकवर बायकांच्या बॅचला पोहायला शिकवते. दुपारी टँक बंद असतो, तेव्हा खोल बाजूला सर स्कूबाचा वर्ग घ्यायचे. पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून पाण्याखाली श्वास घेत कसं राहायचं, ते शिक्षण. आमच्या सोलापूरला समुद्र नाही. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं आणि ते आलं की लोक हातातलं काम टाकून पिंपं भरायला पळतात. अशा गावात असला वर्ग काढणाऱ्याच्या डोक्यात काहीतरी कमीजास्त असणार, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. सर गावाच्या पूर्वभागातल्या तेलुगू विणकर घरातले. वडिलांचे माग होते. हे माग सोडून समुद्रावर गेले, तेलविहिरींच्या खांबांना पाण्याखाली वेल्डिंग करायचं काम बरीच वर्षं केलं, आणि कानानं दगा दिल्यावर काकूंना घेऊन परत गावात आले.

उन्हाळ्यात पाण्याची टंचाई झाली की टँक रिकामा करून ठेवतात. तेव्हाही सरांचा वर्ग बंद नसे. कोरड्या टँकच्या तळाशी, फरशी तापलेली असताना, पाठीवर सिलिंडर आणि तोंडात नळी घेऊन सर आणि दोघं-तिघं विद्यार्थी एकमेकांना हातवारे करत फिरायचे. येणारेजाणारे कठड्याला टेकून बघत आणि हसत. सर त्यांच्याकडं बघायचेही नाहीत.

एवढी सावधगिरी बघून लोकांना वाटायचं, यांच्या डोळ्यांदेखत कुणीतरी बुडालं असणार. मलाही वाटलं होतं. मी काकूंना खोदून खोदून विचारलं. तसं काही नव्हतं. समुद्रातल्या सगळ्या वर्षांत सरांच्या जोडीला उतरलेल्या एकाही माणसाला साधं खरचटलंही नव्हतं. सर सावध होते म्हणून सावध होते, त्यामागं कसली गोष्ट नव्हती. मला आता तेच जास्त लागतं.

शिकवणं शिशापासून सुरू व्हायचं. कमरेला शिशाचे तुकडे बांधल्याशिवाय माणूस पाण्याखाली जात नाही, आणि नवशिक्याला शिसं नेहमी जास्त हवं असतं. मग जड झाला की तो अंगातल्या जॅकेटमध्ये हवा भरतो, भसकन वर जातो, घाबरून सगळी हवा सोडतो आणि पुन्हा तळाला आदळतो. लोक आधी नको तेवढं ओझं घेतात आणि मग ते उचलायला नको तेवढी हवा भरतात, असं सर म्हणायचे. पहिला आठवडा लोकांच्या कमरेचं शिसं काढून घेण्यातच जायचा. जॅकेट रिकामं करून पाण्यात सरळ उभं राहिलं की पाणी डोळ्यांशी यायला हवं, आणि श्वास सोडला की माणूस अलगद खाली जायला हवा, तेवढंच शिसं बरोबर. पुढचं काम फुप्फुसांचं. श्वास घेतला की बोटभर वर, सोडला की बोटभर खाली.

आणि श्वास धरायचा नाही. काहीही झालं तरी धरायचा नाही. तोंडात नळी नसली तरी ओठांतून बारीक बुडबुडे सोडत राहायचे, कारण वर येताना आत धरलेली हवा फुगते आणि छाती फाडते. हा नियम ते जमिनीवरही पाळायला लावायचे. लग्नात, मयताला, दवाखान्याच्या बाकावर, जिथं कुठं माणूस ताठ बसलेला दिसेल तिथं सर जवळ जाऊन हळूच सांगायचे, "श्वास धरू नका." माझे वडील गेले त्या सकाळी दारात आलेल्या माणसांतून सरळ आत येऊन त्यांनी मला एवढंच सांगितलं होतं. बाकीचे जे बोलले त्यातलं मला काही आठवत नाही.

परीक्षा म्हणजे काकूंचे स्टीलचे पेले. खोल बाजूच्या फरशीवर ते ओळीनं उभे करायचे आणि विद्यार्थ्यानं त्यांच्यावर वीतभर उंचीवर तरंगत राहायचं, एकही न पाडता. सगळे पाडायचे. मी तर ओळच्या ओळ आडवी केली होती. सर मात्र मांडी घालून त्या पेल्यांवर बसायचे, ना वर ना खाली, हात गुडघ्यांवर. मी त्यांना सुखी पाहिलं ते तिथंच. पोचे पडलेले पेले घरी गेले की काकू त्यातच चहा द्यायच्या आणि कुठला पोचा कुठल्या विद्यार्थ्याचा ते सांगायच्या. माझ्या पोच्याचा पेला त्यांनी मला नेमून दिला होता.

आता पिवळ्या नळीबद्दल सांगते. प्रत्येकाच्या सिलिंडरला दोन नळ्या असतात. काळी आपल्या तोंडातली. पिवळी छातीशी लटकलेली, जोडीदाराची हवा संपली तर त्याच्यासाठी. पुष्कळ ठिकाणी पिवळी काढून द्यायला शिकवतात. सरांना ते मंजूर नव्हतं. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी आधी नीट सांगून माझ्या सिलिंडरची चावी बंद केली. मी पाण्याला भिणारी बाई नव्हे. पण छातीत हवा येईना तेव्हा समोर वीतभर अंतरावर लटकलेली ती पिवळीजर्द नळी मला दिसलीच नाही. मी सरांच्या तोंडातली ओढून घेतली.

वर आल्यावर मी ओशाळले होते. सर म्हणाले, "सगळे हेच करत्यात. घाबरलेल्याला पिवळं दिसत न्हाय, बुडबुडे दिसत्यात. जिथनं बुडबुडे निघायलेत तिथं हवा हाय, एवढंच त्याला कळतं. म्हणून त्यानं ओढायच्या आत आपणच द्यायची. चाललेली द्यायची. लटकलेली आपण घ्यायची." त्या दिवशी मला हेल्मेट समजलं, पेन समजलं, आणि उघडी छत्रीही समजली. पिवळी रोज तपासायची तीही याचसाठी, की वेळ आली तर तिच्यावर आपल्यालाच जगायचं आहे. मी विचारलं, की एका सिलिंडरची हवा दोघांना पुरणार किती? वर जाईपर्यंत, असं सर म्हणाले. पाण्यात तेवढीच लागते.

अडचण यायची ती उष्ट्याची. अंदमानला निघालेलं एक नवं जोडपं वर्गाला आलं होतं. नवऱ्याला बायकोच्या तोंडातली नळी आपल्या तोंडात घ्यायला नको होती. तिला त्याची चालत होती, घरून तसंच सांगून पाठवलं असणार. सरांनी त्याला काठावर बसवून शांतपणे सांगितलं, की अंदमानला जरूर जा, पण तिथं हॉटेलातच बसा. मला इतका आनंद झाला होता, की मी घरी जाऊन तो प्रसंग दोनदा सांगितला.

आणखी एक नियम होता आणि तो सर फार बारीक आवाजात सांगायचे. दिलेली नळी परत मागायची नाही. ज्याच्या तोंडातून काढून घ्याल तो अंगावर चढतो, मग दोघंही जातात. एकदा दिली ती दिली.

सर आता सोलापुरात नाहीत. मुलगी त्यांना हैदराबादला घेऊन गेली. जाताना सगळं सामान माझ्याकडं टाकून गेले आणि ते माझ्या गॅलरीत प्लास्टिकखाली झाकून ठेवलं आहे. फोन केला तर मुलगी उचलते आणि ते झोपलेत म्हणून सांगते. दर वेळी ते झोपलेलेच असतात.

काकूंनी लहानपणापासून मागावर कांड्या भरल्या होत्या. सुताची धूळ त्यांच्या आधी त्यांच्या आईनं खाल्ली, मग त्यांनी. परत आल्यावर काही वर्षांनी त्यांना जिना चढवेना, मग बोलता बोलता दम लागायला लागला. डॉक्टरांनी सांगितलं, की फुप्फुसं कडक झालीत आणि ती आता मऊ होणार नाहीत. घरात हवेतून ऑक्सिजन काढून देणारी मशीन आली. ती दिवसरात्र घुरघुरत राहायची आणि तिची नळी काकूंच्या नाकाशी. मी भेटायला गेले तेव्हा काकू पलंगावर बसून म्हणाल्या, "पाण्यात तर कदी नेलं न्हाय. आता घरातच बुडवून ठिवलंय मला." त्या हसल्या आणि मग बराच वेळ खोकत राहिल्या.

सरांनी त्या घराची तयारी समुद्रात उतरायची करावी तशी केली. वीज गेली तर मशीनला इन्व्हर्टर. तो संपला तर ऑक्सिजनचा मोठा सिलिंडर. आणि कोपऱ्यात एक छोटा. स्टोव्ह पेटवायच्या दिवशी या सगळ्याची पाळी यायची, थोडा थोडा वेळ काकूंना प्रत्येकावर ठेवून बघायचे. छोटा कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाले, "वर जायला." दवाखाना गाडीनं जवळ होता. तिथं पोचेपर्यंत छोटा सहज पुरला असता. त्यांनी ते अंतर घड्याळ लावून दोनदा जाऊन बघितलं होतं. मला तेव्हा त्या बोलण्यात काही खटकलं नाही. माझ्याही डोक्यात पाणीच होतं.

ते वळवाचे दिवस होते. त्या दुपारी मी काकूंकडं गेले होते, माझ्या पेल्यात चहा घेत होते. धुळीचं वादळ उठलं, मग गारा पडल्या, आणि कुठंतरी मोठं काहीतरी कडाडून मोडलं. वीज गेली. इन्व्हर्टरनं आपलं काम केलं आणि बऱ्याच वेळानं तो पिकपिक करून थांबला. सरांनी काकूंना मोठ्या सिलिंडरवर घेतलं. सगळं ठरल्यासारखं चाललं होतं. सर तर जरा खुशीतच दिसले मला. इतक्या वर्षांच्या तयारीला पहिल्यांदा काम मिळालं होतं.

मग खालच्या मजल्यावरची सून धावत वर आली. तिच्या सासऱ्यांना आम्ही चाचा म्हणायचो. जन्मभर ट्रक चालवलेला माणूस, त्यांनाही तसलीच मशीन लागत होती. जादा काही ठेवा, म्हणून सर त्यांच्या मागं लागलेले, पण त्यांच्याकडं मशीनपलीकडं काही नव्हतं. मुलगा ट्रक घेऊन बाहेरगावी. सून म्हणाली, "काका, अब्बांची मशीन बंद पडली. ओठ काळे पडायलेत. कायतरी द्या." तिची नजर भिंतीशी ओळीनं उभ्या असलेल्या सरांच्या पाण्यातल्या सिलिंडरांवर गेली. "हे एवढे हायत की."

सर म्हणाले, "त्यात नुसती हवा हाय, बेटा. ही हितली. तीच."

घरभर हवा होती आणि तिचा उपयोग नव्हता. सरांनी कोपऱ्यातल्या छोट्या सिलिंडरकडं बघितलं. मग काकूंजवळच्या मोठ्याकडं बघितलं. मी त्यांना श्वास धरलेलं पहिल्यांदाच पाहत होते.

काकूंनी नाकाशी लावलेली नळी काढली आणि पदरानं पुसायला लागल्या. "हे द्या. चाललेलं द्यायचं म्हंता की तुमी. पुसून देते, उष्टं हाय माझं."

"ते पाण्यातलं हाय," सर म्हणाले.

"मग मी कुटं हाय?"

चाचांना उचलून न्यायला घरात कुणी नव्हतं, काकूंना न्यायला आम्ही होतो, आणि छोटा सिलिंडर तर त्यासाठीच ठेवलेला. असा सगळा विचार सरांच्या चेहऱ्यावरून सरकताना मला दिसला, आणि तो चुकीचा नव्हता. त्यांनी छोटा उघडला, आधी स्वतः त्यातून श्वास घेऊन बघितला, मग काकूंना लावला. मग मी आणि सून मोठा सिलिंडर धरून खाली घेऊन गेलो. मी परत वर आले तोवर सरांनी अँब्युलन्सला फोन केला होता. निघालीय, असं पलीकडून सांगितलं.

ती निघालीच होती. पण आमच्या गल्लीच्या तोंडाशी कडुलिंबाचं झाड तारांसकट आडवं पडलं होतं आणि पलीकडच्या रस्त्यावर आणखी दोन. रिक्षा नव्हती. सर छोट्या सिलिंडरच्या काट्याकडं बघत बसले. काटा खाली येत होता. मी गॅलरीतून रस्त्याकडं बघत होते. अधूनमधून फोन करत होते आणि दर वेळी वाटेतच आहे असं उत्तर येत होतं. काकू डोळे मिटून बसल्या होत्या, प्रत्येक श्वासाला त्यांचे खांदे वर उचलले जात.

काटा लाल रेघेशी आला तेव्हा सर उठले आणि खाली गेले. मी त्यांच्यामागं गेले. ते कशाला चाललेत हे मला कळलं होतं, आणि मनातून मी त्यांना पुढं ढकलत होते हेही सांगते. चाचा खाटेवर उठून बसलेले. त्यांनी नळी दोन्ही हातांनी नाकाशी धरली होती. बाईमाणसासमोर टोपी नाही म्हणून एरवी संकोचणारा तो माणूस कुणाकडंच बघत नव्हता. सून सगळं समजली. ती खाली मान घालून म्हणाली, "घेऊन जा, काका. थोडा वेळ घेऊन जा." सरांनी सिलिंडरच्या चावीवर हात ठेवला. तसाच ठेवून उभे राहिले. मग त्यांनी चावी पुरती उघडली आहे ना ते बघितलं, चाचांच्या कानामागं नळी नीट बसवली, आणि हात हलवत जिना चढायला लागले.

काकूंनी डोळे उघडून विचारलं, "चाचा कसे हायत?"

"श्वास घ्यायलेत," सर म्हणाले.

"पोनी," काकू म्हणाल्या.

आम्ही त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खाली आणलं. एका बाजूला सर, एका बाजूला मी. काकूंच्या मांडीवर तो छोटा सिलिंडर. जिन्याच्या वळणावर तो संपला. इतकी वर्षं या माणसानं लोकांना वर जायला शिकवलं, आणि त्यांच्या बायकोला वाचवायचं तर खाली उतरायचं होतं. गल्लीच्या तोंडाशी झाडाच्या पलीकडं अँब्युलन्सचा दिवा दिसत होता. दोघं जण फांद्यांतून वाट काढत आमच्याकडं येत होते. काकूंनी सरांचं मनगट धरलं होतं. फांद्यांपाशी पोचलो तोवर तो हात नुसता ठेवलेला होता. त्या माणसांनी पुष्कळ खटपट केली, मग दवाखान्यात केली. काही झालं नाही.

संध्याकाळी काकूंना घरी आणलं तेव्हा वीज आली होती. मशीनचं बटण कुणी बंद केलंच नव्हतं. ती रिकाम्या पलंगाशेजारी घुरघुरत होती आणि पलंगावर पडलेल्या नळीतून ऑक्सिजन बाहेर चालला होता. सर जाऊन तिच्याशेजारी बसले. बंद कुणी करायची, हे कुणालाच सुचेना. शेवटी मी केली.

नंतर पुष्कळ लोक म्हणाले, की सरांनी बायकोचा जीव दुसऱ्याला दिला. काहींनी कौतुकानं म्हटलं, काहींनी शिवी द्यावी तसं. मला दोन्हीचा संताप येतो. दिला असेल तर काकूंनी दिला. सरांचं म्हणणं वेगळंच होतं. दहाव्याच्या दिवशी ते मला म्हणाले, "पाण्यात वर असतं, मॅडम. कितीबी खोल गेलं तरी वर असतं. मी हितंबी वर धरूनच चाललो. हितं वर कुटंच न्हाय." सगळ्या सोयी करताना तेवढी एक गोष्ट त्यांनी तपासली नव्हती.

चाचा एकदा वर आले होते. एकेक पायरी थांबत थांबत, सुनेच्या खांद्यावर हात ठेवून. सरांसमोर बसून राहिले, छाती ताठ, ओठ घट्ट. सरांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं, "श्वास धरू नका." त्यानंतर दर आठवड्याला सर खाली जाऊन चाचांची मशीन आणि तो मोठा सिलिंडर तपासून यायचे. स्टोव्ह पेटत नव्हता, जुना चष्मा बाहेर निघत नव्हता, पण हे काम त्यांनी चुकवलं नाही. सून सांगायची, की रिकाम्या वेळी सर घरात हॉलच्या फरशीवर आडवे असतात. पलंग असून. खालच्या मशीनचा आवाज फरशीतून वर ऐकू येतो, म्हणून.

थंडीत चाचाही गेले. झोपेतच, नळी नाकाशी असताना. मशीन शेवटपर्यंत नीट चालू होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सर दुपारचे टँकवर आले. स्कूटरला दोन्ही हेल्मेट, पायाशी पेल्यांची पिशवी. मला इतकं बरं वाटलं, की मी बोलतच सुटले. ते म्हणाले, हात विसरायला नकोत, एकदा सराव करू. टँकवर दुसरं कुणी नव्हतं, आम्ही दोघंच. सरांनी पेले ओळीनं लावले, माझं शिसं बघितलं, त्यातला एक तुकडा काढून टाकला. आम्ही खाली गेलो. ते नेहमीसारखे मांडी घालून पेल्यांवर बसले, हात गुडघ्यांवर, ना वर ना खाली. त्यांनी मला खूण केली, सुरू करा.

मी गळ्यावरून हात फिरवला. हवा संपली, अशी ती खूण. सरांनी तोंडातली काळी नळी काढून माझ्या तोंडाशी धरली. कुठंही घाई नाही, कुठंही चूक नाही. मी ती घेतली, श्वास घेतला, आणि ते पिवळी घेतील म्हणून बघत राहिले.

त्यांनी घेतली नाही. पिवळी त्यांच्या छातीशी लटकत होती. हात पुन्हा गुडघ्यांवर गेले. ते माझ्याकडं बघत होते आणि ओठांतून बारीक बुडबुडे सोडत होते. नियम मोडला नव्हता, श्वास धरलेला नव्हता. जसजसा तो निघून जात होता तसतसे ते बोटबोट खाली येत होते. एक पेला पडला. मग दुसरा. सरांच्या पायानं पेला पडलेला मी कधी पाहिला नव्हता. बुडबुडे बारीक झाले आणि थांबले.

मी पिवळी खेचून त्यांच्या तोंडात कोंबली, हवेचं बटण दाबून धरलं आणि जबडा हातानं आवळला. छाती हलली. त्यांच्या मनात काय होतं ते असो, छातीनं श्वास घेतला. मग मी त्यांना जॅकेटला धरून वर आणलं, त्यांनीच शिकवलं तसं, आपल्या बुडबुड्यांच्या पुढं न जाता, हळूहळू.

काठावर येऊन बसलो. मी त्यांच्यावर ओरडले. पिवळी का घेतली नाही, म्हणून ओरडले. सर पाय पाण्यात सोडून बसले होते. तळाशी पडलेल्या पेल्यांकडं बघत ते म्हणाले, "आज तपासली न्हवती, मॅडम."

मी ती पिवळी त्यांच्या छातीवरून ओढून घेतली, तोंडात धरली आणि श्वास घेतला. मग आणखी एक घेतला. नळी चांगली चालत होती.